बेळगावहून विमानप्रवास: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

बेळगावहून मुंबईचे सरळ हवाई अंतर सुमारे ४०४ किलोमीटर आहे. जेट विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाते असे धरले, तर हा प्रवास अर्ध्या तासात संपायला हवा. तिकिटावर मात्र तास-सव्वा तासाची वेळ छापलेली असते आणि टिळकवाडीतील घराला कुलूप लावल्यापासून दादरच्या नातेवाइकांच्या दारात पोहोचेपर्यंत साडेचार-पाच तास सहज जातात. हे तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. घोटाळा होतो तो एकाच्या जागी दुसरा वापरल्यामुळे, आणि त्याची किंमत मुलाखतीला निघालेला विद्यार्थी, रुग्णाला तपासणीसाठी नेणारे कुटुंब किंवा रजा संपवून युनिटमध्ये हजर होणारा जवान मोजतो. म्हणून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या भागातील प्रवाशाला डोळ्यांसमोर ठेवून, हवाई अंतर हाताने कसे काढावे, त्यावरून उड्डाणाचा वेळ कसा ताडावा आणि घरापासून मुक्कामापर्यंतचा हिशेब कसा मांडावा, हे येथे क्रमाने दिले आहे. त्यासाठी शालेय गणित आणि मोबाइलमधील गणकयंत्र पुरेसे आहे.

पहिली पायरी: शहराचे नव्हे, विमानतळाचे स्थान घ्या

दोन शहरांतील अंतर सांगणारी अनेक संकेतस्थळे शहराच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजतात. विमान मात्र विमानतळावरून विमानतळावर जाते. बेळगावचा विमानतळ शहराच्या पूर्वेस सुमारे दहा किलोमीटरवर सांबरा येथे आहे, तर बेंगळूरचा देवनहळ्ळीजवळ, मुख्य रेल्वे स्थानकाच्या मॅजेस्टिक भागापासून सुमारे ३५ किलोमीटर उत्तरेला आहे. त्यामुळे शोध घेताना शहराच्या नावाऐवजी विमानतळाचे तीन अक्षरी संकेत वापरावेत: बेळगाव आयएक्सजी, मुंबई बीओएम, बेंगळूर बीएलआर, दिल्ली डीईएल, कोल्हापूर केएलएच, हुबळी एचबीएक्स. गोव्याच्या बाबतीत तर संकेताशिवाय शोध घेऊच नये, कारण दाभोळीचा विमानतळ जीओआय आहे आणि जानेवारी २०२३ पासून सुरू झालेला मोपाचा विमानतळ जीओएक्स आहे. दोन्ही ‘गोवा’ या एकाच नावाखाली दिसतात, पण एक झुआरीच्या दक्षिणेस आहे आणि दुसरा महाराष्ट्राच्या सीमेलगत पेडणे तालुक्यात.

आता अक्षांश आणि रेखांश टिपून घ्या. सांबरा विमानतळ १५.८५९ उत्तर अक्षांश व ७४.६१८ पूर्व रेखांशावर आहे. मुंबई विमानतळ १९.०८९ व ७२.८६८ वर, बेंगळूर १३.१९८ व ७७.७०६ वर, दिल्ली २८.५६७ व ७७.१०३ वर आहे. काही ठिकाणी हीच माहिती अंश, मिनिटे आणि सेकंदांत दिलेली असते. सांबऱ्याचा अक्षांश १५ अंश ५१ मिनिटे ३३ सेकंद असा लिहिलेला आढळला, तर ५१ ला ६० ने व ३३ ला ३६०० ने भागून दोन्ही भागाकार १५ मध्ये मिळवावेत, म्हणजे १५.८५९ मिळतात. घाईत १५.५१ असे लिहिले, तर विमानतळ नकाशावर जवळपास ३९ किलोमीटर दक्षिणेला सरकतो आणि पुढचे सगळे गणित चुकते.

दुसरी पायरी: सरळ अंतर काढा

अक्षांशाचा एक अंश पृथ्वीवर कुठेही सुमारे १११.२ किलोमीटरचा असतो. रेखांशाच्या अंशाचे तसे नाही. रेखावृत्ते ध्रुवांकडे जाताना जवळ येत जातात, म्हणून रेखांशाचा एक अंश १५ अक्षांशावर सुमारे १०७.४ किलोमीटर, १७.५ वर १०६.१, २० वर १०४.५, २२ वर १०३.१ आणि २५ वर १००.८ किलोमीटर भरतो. ज्यांना त्रिकोणमिती आठवते त्यांनी १११.२ ला दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे. इतरांनी वरील आकड्यांतून जवळचा निवडावा.

बेळगाव-मुंबईचे उदाहरण घेऊ. अक्षांशांतील फरक ३.२३ अंश आहे. त्याला १११.२ ने गुणल्यास उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ३५९ किलोमीटर येते. रेखांशांतील फरक १.७५ अंश आणि सरासरी अक्षांश साधारण १७.५ आहे, म्हणून १०६.१ ने गुणल्यास पूर्व-पश्चिम अंतर सुमारे १८६ किलोमीटर येते. या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण हेच आपले हवाई अंतर. दोन्ही संख्यांचे वर्ग करून बेरीज करावी आणि वर्गमूळ काढावे; उत्तर ४०४ किलोमीटर मिळते. याच रीतीने सांबरा ते बेंगळूर सुमारे ४४५, सांबरा ते हैदराबाद सुमारे ४३४ आणि सांबरा ते दिल्ली सुमारे १,४३६ किलोमीटर भरते. वैमानिक हेच अंतर सागरी मैलांत मोजतात आणि एक सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा असल्याने बेळगाव-मुंबई त्यांच्या कागदावर सुमारे २१८ मैल असते.

ही रीत पृथ्वीचा तेवढा तुकडा सपाट मानते. दोन-अडीच हजार किलोमीटरपर्यंत, विशेषतः आपल्या अक्षांशांत, त्याने काही बिघडत नाही. मुंबई-दुबई या रीतीने सुमारे १,९२८ किलोमीटर येते आणि गोलाकार पृथ्वीच्या नेमक्या सूत्राने सुमारे १,९२६. पण मुंबई-न्यूयॉर्क काढायला गेल्यास ती चौदा हजार किलोमीटरहून अधिक दाखवते, तर खरे लघुतम अंतर सुमारे १२,५३० किलोमीटर आहे. गोलावरील सर्वांत जवळचा मार्ग ध्रुवाच्या बाजूने वाकतो, सपाट नकाशावरील सरळ रेषेने जात नाही. दूरच्या परदेशी प्रवासासाठी म्हणून गूगल मॅप्समधील अंतर मोजण्याची सोय किंवा ग्रेट सर्कल मॅपरसारखे संकेतस्थळ वापरावे. संगणकावर गूगल मॅप्समध्ये विमानतळावर उजवी कळ दाबून ‘अंतर मोजा’ हा पर्याय निवडला आणि दुसऱ्या विमानतळावर टिचकी दिली की आकडा मिळतो.

तिसरी पायरी: अंतरावरून उड्डाणाचा वेळ

अंतराला वेगाने भागले की वेळ मिळाला, ही समजूत लहान मार्गांवर सर्वांत जास्त फसवते. दहा हजार फुटांच्या खाली विमानाचा वेग साधारणपणे २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६३ किलोमीटर, इतका मर्यादित ठेवला जातो. पूर्ण उंची गाठायला वीसेक मिनिटे लागतात आणि पस्तीस हजार फुटांवरून उतरण्यास सुरुवात करावी लागते ती विमानतळ सुमारे दोनशे किलोमीटर दूर असतानाच. बेळगाव-मुंबईच्या ४०४ किलोमीटरांत चढण्याचे आणि उतरण्याचे अंतर वजा केले, तर पूर्ण वेगाने सरळ जायला जवळपास काहीच उरत नाही. शिवाय विमान सरळ रेषेत उडत नाही. धावपट्टीच्या दिशेने उड्डाण करून वळणे, ठरलेल्या हवाई मार्गांवरून जाणे, गर्दीच्या विमानतळाबाहेर रांगेत घिरट्या घालणे यांत अंतर वाढते. लहान मार्गावर दहा टक्के आणि हजार किलोमीटरच्या पुढे पाच टक्के वाढ धरणे व्यवहारात ठीक जमते.

यानंतर विमानाचा प्रकार पाहावा. एटीआर ७२ हे पंख्याचे विमान ताशी सुमारे ५०० किलोमीटर वेगाने जाते. एअरबस ए३२० सारखे जेट ताशी सुमारे ८३० किलोमीटर जाते आणि स्टार एअर ही विमान कंपनी वापरते ती एम्ब्राएर जेट विमानेही ८०० च्या आसपास जातात. सांबऱ्याची धावपट्टी २,३०० मीटर लांबीची असल्याने तेथे एटीआर आणि ए३२० दोन्ही उतरू शकतात. म्हणून एकाच मार्गावर दोन वेगळ्या वेळा दिसल्या, तर आरक्षण करताना उड्डाणाच्या तपशिलात दिलेले विमानाचे नाव वाचावे. बहुतेक वेळा उलगडा तेथेच होतो.

आता हिशेब असा करावा. जेट असल्यास वाढवलेले अंतर ८०० ने भागून त्यात ३० मिनिटे मिळवावीत, एटीआर असल्यास ५०० ने भागून २० मिनिटे मिळवावीत. ही अधिकची मिनिटे चढणे, उतरणे आणि जमिनीवरील सरकणे यांसाठी आहेत. मुंबईसाठी वाढवलेले अंतर सुमारे ४४४ किलोमीटर होते. जेटने सुमारे एक तास तीन मिनिटे आणि एटीआरने जवळपास सव्वा तास येतो. बेंगळूरसाठी जेटने सुमारे एक तास सात मिनिटे आणि एटीआरने एक तास वीस मिनिटे येतात. दिल्लीसाठी १,४३६ चे १,५०८ किलोमीटर होतात आणि वेळ दोन तास तेवीस मिनिटे येतो, पण दिल्लीत उतरल्यावर दारापर्यंत सरकायलाच बराच वेळ जातो, म्हणून आणखी दहा-पंधरा मिनिटे धरावीत.

तिकिटावर छापलेला वेळ हा हवेतील वेळ नसतो. विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या विमानतळावरील जागेवर थांबेपर्यंतचा तो काळ असतो आणि त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. त्यात कंपन्या गर्दीसाठी थोडी जादा मिनिटेही ठेवतात, म्हणून विमान कधी कधी वेळेआधी पोहोचते. हा आकडा प्रवाशाच्या हक्काशीही जोडलेला आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार, अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या उड्डाणाला दोन तास किंवा अधिक उशीर होणार असेल, तर वेळेवर हजर असलेल्या प्रवाशाला कंपनीने खाणे-पिणे द्यायचे असते. अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला ही मर्यादा तीन तासांची आहे. बेळगावहून मुंबई, बेंगळूर, हैदराबाद हे सारे मार्ग पहिल्या गटात येतात.

चौथी पायरी: कोणता विमानतळ आपला

सीमाभागातील प्रवाशाने खरे तर हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा, कारण जिल्हा बेळगाव असला म्हणजे विमानतळही सांबराच असला पाहिजे असे नाही. वर दिलेली रीतच येथे वापरून पाहा. निपाणीपासून सांबरा सरळ रेषेत सुमारे ६५ किलोमीटर आहे, तर कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ सुमारे ३१ किलोमीटर. चिक्कोडीपासून सांबरा सुमारे ६३ आणि उजळाईवाडी सुमारे ४२ किलोमीटर आहे. त्यातही सांबरा बेळगावच्या पूर्वेला बागलकोट रस्त्यावर असल्याने निपाणीकराला महामार्गाने बेळगावपर्यंत येऊन शहराच्या गर्दीतून पलीकडे जावे लागते, तर उजळाईवाडी कोल्हापूर शहरात शिरण्याआधीच महामार्गाजवळ लागते. शिवाय कोल्हापूर-मुंबई हे हवाई अंतर सुमारे ३०९ किलोमीटर, म्हणजे बेळगावपेक्षा जवळपास शंभर किलोमीटरांनी कमी आहे. माझे स्पष्ट मत असे, की निपाणी, चिक्कोडी, सदलगा या पट्ट्यातील प्रवाशाने मुंबईसाठी आधी कोल्हापूरचे वेळापत्रक पाहावे आणि तेथे सोयीचे विमान नसेल तरच सांबऱ्याकडे वळावे.

खानापूरची गोष्ट उलट आहे. मोपा विमानतळ खानापूरपासून सरळ रेषेत सुमारे ७० किलोमीटरच आहे, पण मध्ये सह्याद्री आहे. चोर्ल्याचा किंवा आंबोलीचा घाट उतरून जायचे म्हणजे पावसाळ्यात तीन तासांहून कमी वेळ धरूच नये. घाट असलेल्या मार्गावर सरळ अंतराचा उपयोग करू नये. तेथे रस्त्याचे तास मोजावेत. मोपा आणि दाभोळी उपयोगी पडतात ते मुख्यतः परदेशी प्रवासासाठी, कारण सांबऱ्याहून आंतरराष्ट्रीय उड्डाणे नाहीत.

पाचवी पायरी: थेट विमान नसेल तेव्हा

वेळापत्रके हंगामानुसार बदलतात आणि बेळगावसारख्या ठिकाणी एखादे थेट विमान बंद झाले, की दुसऱ्या शहरातून जाण्यावाचून गत्यंतर नसते. येथे अंतराचे गणित अतिशय उपयोगी पडते. दिल्लीला थेट गेल्यास सुमारे १,४३६ किलोमीटर. मुंबईमार्गे गेल्यास ४०४ अधिक १,१३९, म्हणजे सुमारे १,५४३ किलोमीटर. हैदराबादमार्गे सुमारे १,७०२. बेंगळूरमार्गे ४४५ अधिक १,७१०, म्हणजे सुमारे २,१५५ किलोमीटर, कारण आपण आधी उलट दिशेला दक्षिणेकडे जातो आणि मग तेच अंतर पुन्हा कापून उत्तरेकडे येतो. मुंबईमार्गे शंभर-सव्वाशे किलोमीटरच जादा पडतात, बेंगळूरमार्गे सातशेहून अधिक. दोन्हीकडे थांबण्याचा वेळ सारखा असेल, तर मुंबईचा पर्याय उड्डाणात पाऊण तास तरी वाचवतो. तिकीट विकणारी संकेतस्थळे भाड्याच्या क्रमाने पर्याय मांडतात, त्यामुळे हा फरक वरवर पाहताना लक्षात येत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने येथून जम्मू-काश्मीरकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. श्रीनगर जवळजवळ बेळगावच्याच रेखांशावर, सरळ उत्तरेला सुमारे २,०१६ किलोमीटरवर आहे. दिल्लीमार्गे हे अंतर सुमारे २,०७८ किलोमीटर होते, म्हणजे वळसा केवळ ६२ किलोमीटरांचा. या प्रवासात वेळ खर्च होतो तो दिल्लीतील थांब्यात, म्हणून तेथे अंतराकडे न पाहता दोन विमानांमधील तासांकडे पाहावे. तो वेळ फार कमीही नसावा. दोन्ही टप्पे एकाच आरक्षणात असतील, तर पहिल्या विमानाला उशीर झाल्यावर पुढची व्यवस्था कंपनी करते आणि सामान सहसा शेवटच्या ठिकाणी मिळते. दोन वेगळी तिकिटे काढली असतील, तर सामान स्वतः घेऊन पुन्हा द्यावे लागते आणि चुकलेल्या विमानाची जबाबदारी प्रवाशावर येते. वेगळ्या तिकिटांमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे, असे मी आग्रहाने सांगेन. मुंबईत टर्मिनल १ सांताक्रूझला आणि टर्मिनल २ अंधेरी-सहारच्या बाजूला आहे. उतरण्याचे आणि निघण्याचे टर्मिनल वेगळे असेल, तर तो रस्ताही हिशेबात घ्यावा.

सहावी पायरी: दारापासून दारापर्यंत

आता सर्व तुकडे जोडायचे. देशांतर्गत उड्डाणासाठी सामान देण्याची खिडकी साधारणपणे ६० मिनिटे आधी आणि विमानात चढण्याचे दार २५ मिनिटे आधी बंद होते, म्हणून सांबऱ्याला दीड तास आधी पोहोचावे. मुंबई, दिल्ली, बेंगळूरहून परतताना दोन तास आधी.

बेळगाव-बेंगळूर उदाहरण म्हणून मांडून पाहू. टिळकवाडीतून सांबऱ्याला ४० मिनिटे, तेथे दीड तास, उड्डाण सव्वा तास, उतरून सामान मिळेपर्यंत अर्धा तास आणि देवनहळ्ळीहून मॅजेस्टिकला दीड तास. बेरीज सुमारे साडेपाच तास होते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली वंदे भारत एक्सप्रेस लोहमार्गाचे ६११ किलोमीटर सुमारे साडेआठ तासांत कापते आणि प्रवाशाला मॅजेस्टिकलाच उतरवते. विमानाने तीन-साडेतीन तास वाचतात, पण काम विमानतळाकडच्या येलहंका किंवा हेब्बाळच्या बाजूला असेल तर त्याहून अधिक वाचतात आणि शहराच्या दक्षिण टोकाच्या इलेक्ट्रॉनिक सिटीत असेल तर बरेच कमी. मुंबईच्या बाबतीतही असेच आहे. अंधेरी-सांताक्रूझला जाणाऱ्यासाठी विमानासारखी सोय नाही, पण पनवेल किंवा नवी मुंबईला जाणाऱ्याने रात्रीच्या स्लीपर बसचा विचार करावा, कारण ती दिवस मोडत नाही.

परदेशी प्रवासात घड्याळही बदलते. दुबई भारताच्या दीड तास मागे आहे. मुंबईहून दुपारी चार वाजता निघून दुबईला पावणेसहा वाजता पोहोचणारे विमान पावणेदोन तासांत जात नाही. त्यात दीड तास मिळवला की खरा प्रवास सव्वातीन तासांचा ठरतो. परतताना हाच दीड तास वजा करावा लागतो. जाण्या-येण्याच्या वेळेत उरणारा फरक बहुधा वाऱ्यामुळे पडतो: हिवाळ्यात उत्तर भारत आणि पश्चिम आशियावर उंचावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारा वाहतो, म्हणून पश्चिमेला जाणे हळू आणि परत येणे जलद होते. हवाई क्षेत्र बंद असणे हेही एक कारण असते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले हवाई क्षेत्र भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केले, तेव्हा दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या त्यांच्या विमानांना अरबी समुद्रावरून वळसा घ्यावा लागला. दोन शहरांतील अंतर तेच राहिले, प्रवास मात्र लांबला.

ऋतूचा विचार

जून ते ऑगस्टमध्ये बेळगाववर ढग खाली उतरतात आणि पावसाच्या जोरात दृश्यता घटली की विमान आकाशात थांबवून ठेवावे लागते किंवा दुसऱ्या विमानतळाकडे वळवावे लागते. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीच्या सकाळच्या धुक्याने हीच अडचण होते, आणि तेथून येणारे विमान अडकले की सांबऱ्याहून सुटणारे त्याचे परतीचे उड्डाणही उशिरा निघते. या महिन्यांत परीक्षा, शस्त्रक्रिया किंवा हजर होण्याची तारीख असल्यास आदल्या दिवशीचे विमान घ्यावे. तेही शक्य नसेल, तर दिवसातील शेवटचे उड्डाण टाळावे, म्हणजे ते रद्द झाले तरी त्याच दिवशी दुसरा मार्ग शोधायला वाव राहतो. निघण्यापूर्वी आपले विमान त्या क्षणी कोठे आहे, हे फ्लाइटरडार२४ या संकेतस्थळावर पाहता येते. सांबऱ्याला येणारे विमान आधीच्या शहरातून अजून सुटले नसेल, तर त्या शहरापासूनचा उड्डाणाचा वेळ आणि उतारू उतरवून पुन्हा निघण्यासाठी लागणारी पाऊणेक तासांची सवड मोजून, आपले विमान किती वाजता सुटेल हे बरेचसे अचूक ताडता येते. कंपनीने उशिराची सूचना दिलेली नसेल, तर मात्र स्वतःच्या अंदाजावर विसंबून घरून उशिरा निघू नये, कारण सामान देण्याची खिडकी तिकिटावरील वेळेनुसारच बंद होते.